समितीच्या भेटीआधी

ताईंच्या डोक्यावर पाच घाव होते. पहिल्याच घावाने जीव गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. उरलेले चार कशासाठी घातले, ते त्यांनाही सांगता येईना.

सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास आधारगृहातल्या बोलायच्या खोलीतून हंबरडा ऐकू आला. वॉचमन धावला. आधारगृह चालवणाऱ्या ताई फरशीवर पडल्या होत्या आणि तिथेच राहणारा पैलवान त्यांचं फुटलेलं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी रक्ताने माखलेलं लोखंडी डंबेल. ते पैलवानाचंच. वॉचमनने काठी तुटेपर्यंत त्याला बडवलं. मग पोलिसांनी कोठडीत नेऊन त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली. एवढं होऊनही त्याच्या तोंडून एकच वाक्य निघत होतं. “ताईंना उठवा.”

“त्यानं नाही मारलं, बाई,” मंगळवारी दुपारी आधारगृहातल्या स्वयंपाकीण मावशी सांगत होत्या. ऐकणाऱ्या बाईंनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं आणि आता खासगी तपासाची कामं घेत होत्या. गावात सगळे त्यांना नुसतं ‘बाई’च म्हणत. त्यांच्यासोबत असायचे कंपाउंडर. सगळा जन्म दवाखान्यात गेलेला, माणूस देवभोळा नाही पण भोळा नक्की.

“पोलिसांना सांगितलंत हे?” बाईंनी विचारलं.

“सांगितलं. हसले. मी दोनदा तुरुंगात जाऊन आलेली, दहा वर्षं दारूत काढलेली. माझी साक्ष कोण धरतंय?”

“मी धरते. काय पाहिलंत ते सांगा.”

“पैलवान सातपासून माझ्याजवळ स्वयंपाकघरात होता. पोती उचलली, भांडी घासली. आठ वाजून दहा मिनिटांनी मी कोठीत गेले, तेव्हा बोलायच्या खोलीचं दार बंद दिसलं. नवल वाटलं, कारण ते कधीच बंद नसतं. आमच्याकडच्या माणसांना कोंडल्यासारखं होतं ना. म्हणून पैलवानानं आपलं डंबेल दाराला टेकण म्हणून दिलं होतं. आठ वीसला मी त्याच्या हाती ताईंचा चहा पाठवला. मग तो हंबरडा.”

कंपाउंडरनी विचारलं, “हे आधारगृह म्हणजे नक्की कुणासाठी?”

“ज्याला सगळे दुसरीकडे धाडतात त्याच्यासाठी,” मावशी म्हणाल्या. “इस्पितळ म्हणतं, आधी दारू सोड. दारू सोडवणारे म्हणतात, आधी डोक्याचा इलाज कर. घर देणारे म्हणतात, आधी तुरुंगाचे कागद आण. माणूस एकच आणि दारं दहा. ताईंनी सगळं एका छपराखाली आणलं. पंचेचाळीस माणसं आहोत. नगरपरिषदेच्या अनुदानावर चालतं. सोमवारी अकराला समिती येणार होती, पुढच्या तीन वर्षांचं ठरवायला. आता ते ठरणार गुरुवारी. पैलवानाला खुनी ठरवलं की संपलं सगळं.”

बाईंनी चष्मा पुसला आणि चपला घातल्या.

बोलायची खोली लहान होती. दाराजवळ एक खुर्ची, मग टेबल, पलीकडे ताईंची खुर्ची, आणि तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर भिंतीला लागून औषधांचं लोखंडी कपाट. फरशीवरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. उंबऱ्यापाशी कपाच्या काचा आणि चहाचा ओघळ.

“झटापट,” इन्स्पेक्टर काचांकडे बोट दाखवत म्हणाले.

“ताई कशा बसल्या होत्या?”

“आपल्या खुर्चीत. घाव मागून बसलेत, वळायलाही वेळ मिळाला नाही. हातात पेन तसंच होतं.”

“आणि कागद?”

“कागद कुठलाच नव्हता.”

“कपाट उघडता?”

“कालपासून बंदच आहे. आम्ही आलो तेव्हाही कुलूप होतं.” इन्स्पेक्टरनी किल्ली काढली. “ही ताईंची. गळ्यातल्या दोरीत, कपड्यांच्या आत होती. शवागारात डॉक्टरांनी काढून दिली. दुसरी सिस्टरकडे असते. तिसरी नाही.”

आत गोळ्यांचे डबे नीट रांगेत लावलेले होते. वरच्या फळीवरच्या डब्यांवर सात-आठ तपकिरी ठिपके होते, शेपटी फुटल्यासारखे लांबट.

“खोकल्याचं औषध,” कंपाउंडर जाणकारपणे म्हणाले. “बाटलीचं बूच उडालं की असंच होतं. मी तीस वर्षं पुसलंय.”

बाईंनी चष्मा सावरून ठिपके जवळून पाहिले. मग त्यांनी इन्स्पेक्टरना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं आणि त्यातला एक डबा त्यांच्या ताब्यात दिला.

सिस्टर दिवाणखान्यात एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम धूत होत्या. बारा वर्षांची नोकरी, हात सराईत.

“आठला गोळ्या वाटते,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “आठ वाजून पाच मिनिटांनी कपाटाला कुलूप घातलं आणि इथे ड्रेसिंगला आले. ताई तेव्हा ठीक होत्या.”

“काही बोलणं झालं?”

“समिती येणार म्हणून खूश होत्या.”

“दार?”

“उघडंच होतं. आमचं दार कायम उघडं असतं.”

कोपऱ्यात नोंदींची वही होती. कंपाउंडरनी ती चाळली आणि एका पानावर अडखळले. आठवड्यापूर्वी इथला एक गवंडी मेला होता. सिस्टरच्या अक्षरात नोंद होती: ‘जिन्यावरून पडला. दोन्ही कुशींच्या बरगड्या मोडल्या.’

“बाई, जिन्यावरून पडलेला माणूस एका कुशीवर पडेल. दोन्ही कुशींवर कसा पडला हा?”

“शाबास, कंपाउंडर,” बाई हळूच म्हणाल्या.

फाटकाशी वॉचमन नवी कोरी काठी घेऊन उभा होता. गवंड्याचं नाव काढताच त्याच्या मानेची शीर तटतटली. “पडला तो! पिऊन पडला! आणि काल मी फाटकावरच होतो, रस्त्यावरच्या पानवाल्याला विचारा.”

पानवाल्याला विचारलं. आठ ते साडेआठ वॉचमन त्याच्यासमोर उभा राहून गप्पा हाणत होता.

समितीचे अध्यक्ष आपल्या कार्यालयात भेटले. अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून.

“मी पहिल्यापासून विरोधात आहे. असल्या लोकांना एकत्र ठेवलं की हेच होणार.”

“ताईंशी शेवटचं बोलणं कधी झालं?”

“सोमवारी साडेसातला फोन आला. म्हणाली, ‘आज मी समितीला लेखी निवेदन देणार आहे. ते वाचून तुम्ही अनुदान बंद कराल, तरी देणार.’ मला वाटलं, रडवायचं नाटक.”

बाईंनी फोनची वेळ टिपून घेतली.

गुरुवारी अकरा वाजता नगरपरिषदेच्या सभागृहात समितीचे सात सदस्य बसले. मावशी, सिस्टर आणि वॉचमन यांना इन्स्पेक्टरनी बोलावून आणलं होतं. विषय पुकारला जाताच बाई उठल्या.

“मतदानाआधी मला दहा मिनिटं द्या. पैलवान निर्दोष आहे.”

कुजबुज उठली. अध्यक्षांनी हाताने गप्प केलं.

“मावशींचं म्हणणं मी खरं धरून चालले, आणि सगळी गोष्ट त्याच्याशी जुळत गेली. पैलवान आठ वीसपर्यंत स्वयंपाकघरात होता. तो एका हातात भरलेला कप घेऊन निघाला. खून करायला कुणी चहा घेऊन जात नाही. कप उंबऱ्यातच फुटला, म्हणजे त्याला जे दिसायचं ते दारातूनच दिसलं. ताई तेव्हा मेलेल्या होत्या.”

“मग डंबेल?” एका सदस्याने विचारलं.

“ते दाराला लावलेलं असे. आठ दहाला दार बंद होतं, म्हणजे डंबेल तोवर कुणीतरी उचललं होतं. दार लावून घेते, चार शब्द बोलायचेत, असं म्हणून ते हातात घेता येतं. ताईंना शंकाही येणार नाही.”

सिस्टर खिडकीकडे पाहत होत्या.

“घाव मागून बसले. ताईंच्या मागे हातभर जागा आणि औषधांचं कपाट. तिथे कुणी गेलं तरी त्या मान न वळवता लिहीत राहिल्या. कारण ते माणूस रोज तिथेच उभं असतं.”

“कुणीही जाऊ शकतं तिथे,” सिस्टर म्हणाल्या.

“जाऊ शकतं. पण पोलिसांना कपाट कुलूपबंद मिळालं आणि आतल्या डब्यांवर रक्ताचे थेंब होते. तपासणीचा कागद इन्स्पेक्टरांकडे आहे. रक्त ताईंचंच.”

“अरे देवा,” कंपाउंडर पुटपुटले. “खोकल्याचं औषध!”

“घाव पडले तेव्हा कपाट उघडं होतं. कुलूप नंतर लागलं. ताईंची किल्ली त्यांच्या कपड्यांच्या आत होती. उरली एकच. सिस्टर, गोळ्या वाटून झाल्या की कुलूप घालायचं, ही तुमची बारा वर्षांची सवय. तुमच्या हातांनी ते तुम्हाला न विचारता केलं. कपड्यांवरचे डाग ड्रेसिंगमध्ये खपून गेले. आणि एक सांगते. पहिल्या घावाला रक्त मागे उडत नाही. माखलेलं डंबेल पुन्हा उचललं की उडतं. एकावर थांबला असतात, तर कपाट कोरडं राहिलं असतं.”

इन्स्पेक्टर सिस्टरच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“पेन हातात होतं आणि कागद गायब. ते होतं समितीला द्यायचं निवेदन. गवंडी जिन्यावरून पडला नव्हता. त्याला लाथांनी तुडवून मारलं होतं. कुणी मारलं—”

“हिनंच सांगितलं!” वॉचमन ओरडला आणि त्याने मावशींचा गळा धरला. खुर्च्या कोसळल्या. कंपाउंडर मध्ये घुसले, तोंडावर कोपर बसला, एक दात फरशीवर टणकला. तरी त्यांनी वॉचमनच्या कमरेची मिठी सोडली नाही. इन्स्पेक्टरनी त्याला पालथा पाडून बेड्या ठोकल्या.

सिस्टर जागच्या हलल्या नव्हत्या.

“मी तिच्या पाया पडले,” त्या शांतपणे म्हणाल्या. “म्हटलं, वॉचमनला काढून टाक, पण समितीला सांगू नकोस. गवंडी काही परत येणार नाही. पंचेचाळीस माणसं रस्त्यावर येतील, थंडीत मरतील. ती म्हणाली, ‘खोटं सांगून मिळालेल्या छपराखाली उद्या दुसरा तुडवला जाईल.’ आणि लिहीत राहिली. मी मारलं. तरी तिने पेन सोडलं नाही. मला वाटलं, अजून लिहितेय. पेन सुटेना, म्हणून मी मारत राहिले.”

“आणि पैलवानाला फासावर जाऊ देणार होतात?” बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. “तोही त्या पंचेचाळिसातलाच ना?”

सिस्टरने तोंड पदराआड लपवलं.

त्यांना नेल्यावर मावशी उठल्या. गळ्यावर बोटांचे लाल वळ होते. “ताई सांगणार होत्या ते मी सांगते. रात्री खालच्या खोलीत वॉचमन मारायचा. बायकांनाही. आम्ही बोललो नाही, कारण आमचं कोण ऐकतं? गवंडी बोलला, तर मेला. अनुदान बंद करायचं तर करा. पण हे लिहून घ्या.”

अध्यक्षांनी कारकुनाला खूण केली. कारकून लिहू लागला. मावशी पाऊण तास बोलल्या, आणि कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

मतदानाला तीन हात बाजूने उठले, तीन विरोधात. अध्यक्ष बराच वेळ टेबल चाचपत राहिले. “तीन वर्षं देणार नाही,” ते शेवटी खेकसले. “एक वर्ष. आणि दर महिन्याला मी स्वतः येऊन खालच्या खोलीत बसणार.” मग त्यांनी हात वर केला.

संध्याकाळी पैलवानाला सोडलं. तो कोठडीच्या पायऱ्या भिंत धरून उतरला. हाताला प्लास्टर, डोळा सुजून बंद. मावशींनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली आणि जे घडलं ते एका दमात सांगितलं. सिस्टरचं नाव ऐकून तो रागावला नाही. दोघं चालत निघाले. बाई आणि कंपाउंडर चार पावलं मागे.

पुलापाशी तो थांबला.

“ताईंना पोचवायला कोण कोण गेलं होतं?”

“सगळे,” मावशी म्हणाल्या. “तुझ्याशिवाय.”

“उचललं किती जणांनी?”

“चौघांनी.”

पैलवानाने प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं.

“मी असतो, तर एकट्यानं नेलं असतं,” तो म्हणाला, आणि पुलाच्या कठड्यावर डोकं टेकून तीन दिवसांत पहिल्यांदा रडला.