घटनास्थळी समक्ष हजर

सहदेवराव तलाठी म्हणून निवृत्त झाले आणि दीड वर्षात घरातल्या सगळ्या नळांच्या चकत्या बदलून झाल्या. मग सत्यवतीबाईंनीच त्यांचं नाव अमरावतीच्या एका वाचनालयात, कथालेखनाच्या वर्गात घातलं. "माझ्या भाजीत नाक खुपसण्यापरीस कागदात खुपसा," त्या म्हणाल्या. बडनेऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत त्यांचं घर. मागे दोन एकर संत्रा आणि एक विहीर. साहित्याला एवढं पुरावं, असं सहदेवरावांना वाटलं.

"ज्याची भीती वाटते, ते लिहा," वर्ग घेणाऱ्या मंजुषाताई म्हणाल्या.

साहेब लोक सोडले तर सहदेवरावांना जन्मात एकच भीती होती. सत्यवती आपल्या आधी गेली तर? चहापत्ती कोणत्या डब्यात असते, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. ते लिहायला बसले.

पण चौतीस वर्षं हाताला एकच वळण. वीज पडली, भिंत खचली, बैल मेला, की पंचनामा. तेव्हा कथा सुरू झाली ती अशी : 'आम्ही खालील पंच घटनास्थळी समक्ष हजर राहून लिहून देतो की...' पुढे विहीर, काठावर चपलांचा जोड, पाण्यात एक बाई. वय अठ्ठावन्न. उंचीपाशी पेन अडलं. छत्तीस वर्षं संसार करून बायकोची उंची माहीत नव्हती. ती जागा कोरी राहिली. खाली पंच म्हणून हात सवयीने दोन नावं लिहून गेला. नत्थुजी आणि सूर्यभान.

हे दोघं अकोल्याकडच्या त्यांच्या जुन्या हद्दीतले ठरलेले पंच. कचेरीसमोरच्या टपरीवर बसून असायचे. सहदेवराव पंख्याखाली बसून 'समक्ष हजर' लिहायचे आणि हे दोघं न वाचता सह्या ठोकायचे. या तिघांनी न पाहिलेल्या पुरात निम्मा तालुका वाहून गेला होता. पुढे साखरेने नत्थुजीचा आधी पाय नेला, मग उरलेला नत्थुजी. सूर्यभान करोनात गेला. कथेत मेलेले पंच चालतात, असं सहदेवरावांनी स्वतःच ठरवलं.

शनिवारी त्यांनी वर्गात कथा वाचली. "कोरडं लिहिता," मंजुषाताई म्हणाल्या, "पण अंगावर येतं."

सहदेवराव तरंगतच घरी आले. सत्यवतीबाई मेथी निवडत होत्या.

"दोन माणसं आली होती. विहीर पाहाची म्हणे."

"कोण?"

"तुमच्याच वळखीचे. एक कुबडीवाला. दुसऱ्यानं तोंडाले मास्क लावला होता. करोना जाऊन किती वर्सं झाले, सांगा!" त्या हसल्या.

सहदेवराव खुर्चीत टेकले. "काय म्हणाले?"

"चांगले बोलले बाप्पा. म्हणे, आमी आता पाहूनच सही करतो. मंग मले इचारलं, बाई, तुमची उंची किती?"

"सांगतली तुनं?"

"मले काय मालूम? त्याइनंच मोजली."

स्वयंपाकघराच्या चौकटीवर खडूची एक आडवी रेघ होती. ताजी. बरोबर सत्यवतीबाईंच्या उंचीवर.

"उद्या दुपारी येतो म्हणे सहीले. चहा ठेवू का तवा?"

सहदेवरावांनी नत्थुजीच्या पोराला, शेखरला, फोन लावला. बापाची कुबडी घरी आहे का?

"हाव ना काका, खुंटीलेच हाय. थांबा..." फोनमध्ये सामान सरकवल्याचे आवाज. "काहून हो काका? दिसून नाही राहिली."

कथेचे कागद त्यांनी गॅसवर धरून जाळले. विहिरीवर पत्रे टाकले, पत्र्यांवर दगड. ओल्या फडक्याने रेघ पुसली. लाकडावरचा रंग निघाला, रेघ नाही निघाली.

दुसऱ्या दिवशी जेवण होताच त्यांनी दोन्ही दारांना कडी घातली आणि सत्यवतीबाईंचा हात धरून दिवाणावर बसले.

"अवो, भरदुपारी हे काय? कोनी पाह्यलं तं काय म्हनन?"

"बोलत राह्य तू."

त्या बोलत राहिल्या. बहिणीच्या सुनेबद्दल, मग मिक्सरबद्दल.

अंगणातल्या गिट्टीवर कुबडी वाजली. आवाज घराला वळसा घालून मागे गेला.

एकेक दगड खाली पडला. मग पत्रे.

बराच वेळ काही नाही.

मग कुबडी पुढच्या दाराशी आली. सूर्यभान वाचू लागला, पंचनामा वाचून दाखवतात तसा, शब्दाशब्दाला थांबत.

"दाराला आतून कडी."

खरं होतं.

"घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं."

सहदेवरावांनी वर पाहिलं. खरं होतं.

"बराबर हाय का, नत्थुजी?"

"बराबर हाय. वाच पुढं."

"घरात इसम एकच आढळला."

दाराबाहेर कागद सळसळला. नत्थुजी खाकरला. त्याचा आवाज पूर्वीसारखाच अदबीचा होता.

"साहेब, बाजूले एक डाव पाहून घ्या. तुमी पाह्यलं का आमी सही करतो."

सहदेवरावांनी मान वळवली नाही. समोरच्या भिंतीवर नजर रोवून त्यांनी मुठीतला हात आणखी घट्ट दाबला.

मिक्सरचं बोलणं अर्ध्यावरच थांबलं होतं. सत्यवतीबाई इतका वेळ गप्प कधीच बसत नसत.