आठव्या जागेचं आवतन

विरजणाला चमचाभर दही हवं होतं, एवढंच काम. वाटी घेऊन मुक्ताबाई शेजारच्या निशाच्या दारात गेली आणि नेहमीप्रमाणं उंबऱ्याशीच थबकली. आत निशा मोबाइलसमोर बसून बोलत होती. आता कुणी म्हणेल, चोरून ऐकणं बरं नव्हं. पण बजाजनगरातल्या त्या घरांच्या भिंती इतक्या पातळ, की शेजारची शिंकसुद्धा आपलीच वाटावी. मग दारातून ऐकलं तर काय बिघडलं?

निशा 'सप्तासनी'वर बोलायची. मोबाइलवर लागणारी मालिका ती, जादूची, राजेरजवाड्यांची. पाण्याखालच्या महालात सात प्राचीन देव्या दगडी आसनांवर बसलेल्या, आणि आठवं आसन रिकामं. ते कुणाचं, यावर गावोगावची पोरं एकमेकांशी भांडत होती. कुणी म्हणे राक्षसिणीचं, कुणी म्हणे शेवटी तिथं राजकन्या बसणार. निशाचं म्हणणं निराळं. या साती जणी म्हणजे आपल्या साती आसरा, विहिरीवरच्या मावलाया. बाईला त्या पाण्यात ओढून मारत नाहीत. एखादी मनात भरली, की आपल्या रांगेत बसवून घेतात. आठवी जागा तिची.

मोबाइलवर तिचं हे बोलणं ऐकायला पार सिंगापूरची माणसं यायची. मुक्ताबाई जेमतेम सातवी शिकलेली, पण भाजीवाल्यालासुद्धा ऐकवायची, "आमच्या निशीचा अंदाज चुकायचा नाय. लिहून ठेव तू!"

त्या दिवशी मात्र निशाचा आवाज मधेच तुटला. मुक्ताबाई वाटी विसरून आत शिरली. निशानं मोबाइल पुढं धरला. गावाकडच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'तुझ्या आईनं उडी मारली होती. तिला देवी कशाला करती?'

निशाची आई, भामाबाई, वेरूळजवळच्या मळ्यातल्या विहिरीत गेली तेव्हा ही पोर चौथीत होती. उडी मारली, पाय घसरला, का मावलायांनी नेली, ते बापानं कधी सांगितलं नाही आणि गावानं कधी सोडलं नाही.

"मावशी, मालिकेवाले काय दाखवायचं ते दाखवू द्या," निशा म्हणाली. "पण आई मला टाकून गेली का... तेवढं मला कळायला पाहिजे. मी उद्या त्या विहिरीवर जाते. तिथूनच बोलते."

"एकटी? अन् मी काय इथं भिंतीला कान लावून बसू व्हय?"

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या तौफिकची रिक्षा ठरली. निघाले सकाळच्या गारव्यात, पण वाटेत टायर बसला, आणि मळ्याशी पोचायला ऐन दुपार झाली. तौफिकनं बाभळीखाली रिक्षा लावली आणि हँडल काही सोडलं नाही.

"मौसी, भरी दुपारमें बावडीपे नक्को जाओ. हमारी अम्मी भी यहीच बोलती."

"तुझी अम्मी शहाणी हाय रे बाबा. पण दहीभात आंबून गेल्यावर मावलायांना काय दाखवू, तुझा टायर?"

तौफिक हसला नाही.

मळा पडीक होता. ऊन असं, की सावली घाबरून पायाखाली शिरलेली. दूर कुठंतरी एक होला घुमत होता, तेवढाच काय तो आवाज. उंबराखाली शेंदूर उडालेले सात दगड रांगेनं बसलेले, आणि त्यांच्या पलीकडं विहीर. तिच्यातून शेवाळाचा गार वास वर येत होता. त्या उन्हात तो वास अंगावर ओल्या फडक्यासारखा बसला.

निशानं मोबाइल धरला आणि बोलायला लागली. "माझी आई, भामाबाई. याच विहिरीत गेली..." आजवर तिनं आईचं नाव असं चारचौघांत घेतलं नव्हतं. आवाज कापत होता, पण मान ताठ. मुक्ताबाईचा ऊर भरून आला. पोटची नसली म्हणून काय झालं, आपल्याच गल्लीतली वाघीण होती ती!

त्या अभिमानाच्या भरातच तिनं दगडांना हळदीकुंकू लावलं, पानावर दहीभात ठेवला, बांगड्या वाहिल्या. सातवा दगड झाला. हात तिथं थांबायला हवा होता. तो पुढं सरकला, आणि शेजारच्या मोकळ्या मातीवर कुंकवाचं बोट टेकलं. आणि हळदीकुंकू दिल्यावर जन्मभर जिला-तिला जे म्हणत आली, तेच तोंडातून निघून गेलं,

"या बरं का घरी. बजाजनगरला."

होला थांबला.

मावलायांना द्यायचं असतं आणि मागं न बघता निघायचं असतं. त्यांना घरचं आवतन कुणी देत नसतं.

खाली पाण्यात काहीतरी हललं. वरून पडल्याचा आवाज नव्हता तो. बाई पाण्यातून वर आली, की लुगड्यातून पाणी निथळतं... तसा.

"मावशी... कुणाला बोलावलं?"

"सवय गं मेली... चल. मागं बघू नको."

परतीला रिक्षा रडत चालली. वाटेत तौफिकनं उतरून चाकं चाचपली. हवा टाइट होती. मागच्या सीटकडं त्यानं एकदा नीट पाहिलं, आणि मग घरापर्यंत आरशात बघितलंच नाही.

घरी आल्यावर निशा मुक्ताबाईकडंच टेकली. फरशीवर बसून, दिवाणाला पाठ लावून, मोकळ्या केसांनी तशीच झोपली. मुक्ताबाईनं चहा टाकला. आधण खळखळत असताना बाहेरच्या खोलीतून आवाज यायला लागला. सर्र... सर्र... केसांतून कंगवा फिरावा तसा. उठली वाटतं पोरगी, म्हणून ती कप घेऊन बाहेर आली.

निशा झोपलेलीच होती. केसांची वेणी घातलेली होती, पार टोकापर्यंत, घट्ट. वेणी ओली होती. फरशीवर मात्र थेंब नव्हता.

निशानं डोळे उघडले. हात वेणीवर गेला, आणि बोटं पेड चाचपत खाली उतरली.

"मावशी... चार पेडांची आहे. तुम्ही घातली?"

मुक्ताबाईला तीन पेडांपुढं वेणी येत नव्हती. कप खाली ठेवून तिनं नाही म्हणून मान हलवली.

"आई घालायची अशी. फक्त आई." निशा एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. "टाकून नव्हती गेली, मावशी. बसवून घेतलंय तिला. मी म्हणत होते ना?"

तिनं मोबाइल समोर टेकवला, त्याच्याकडं पाठ केली आणि वेणी साऱ्या जगाला दाखवली. "बघा," एवढंच म्हणाली. सत्कार स्वीकारावा तशी.

मुक्ताबाई मटकन दिवाणाशी खाली बसली. भीती होतीच. पण तिच्याही वर काहीतरी चढत होतं. साऱ्या बजाजनगरात, शंभर घरं सोडून, माझ्या घरी आली! माझ्या आवतनाला आली! उद्या गल्लीत हे कुठून सांगायला सुरुवात करावी, याची ती जुळवाजुळव करायला लागली.

तेवढ्यात तिच्या अंबाड्यातली पिन सुटली. मग दुसरी.

निशा समोर होती, दोन्ही हातांनी वेणी धरून. मागं दिवाण आणि भिंत.

मानेवर गार बोटं टेकली. मुक्ताबाईनं डोळे मिटले आणि लेक आईसमोर बसते तशी ताठ बसली. भांग पडत होता, सावकाश, मायेनं. दोन हात केस विंचरत होते. आणि तिसरा हात, दुसऱ्याच कुणाचा तरी, हलकेच हनुवटी धरून तिची मान सरळ करत होता.