चढलेला दात

कवळ्या बनवण्याच्या कामात डोकं थोडं आणि हात जास्त लागतो, असं ती स्वतःच म्हणायची. दवाखान्यातून कुणाच्या तरी जबड्याचा प्लास्टरचा साचा यायचा. त्यावर ती गुलाबी मेणाची हिरडी बसवायची, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवायची आणि तयार दात एकेक करून मेणात रोवायची. हात इतका बसला होता की दात लावता लावता ती रेडिओवरच्या बातम्या ऐकायची, घरातला गॅस संपत आलाय की काय याचा विचार करायची, आणि तेवढ्यात कवळी होऊन जायची. खोलीला एकच खिडकी, फळीवर ओळीनं अनोळखी जबडे आणि मेणाचा गोडसर वास. त्या खोलीत तिला काहीच वाटायचं नाही, आणि ते काही न वाटणं तिला मानवलं होतं.

दंतवैद्याचा फोन आला तेव्हा तो हसत होता. म्हणाला, बाई, आमच्या आजीबाई आरशात बघून नाक मुरडतायत, डावीकडचा पुढचा दात शेजारच्यावर चढलाय. तिचा विश्वास बसेना. कवळी परत आली तेव्हा दात खरंच चढलेला होता, थोडासाच, एका अंगावर वळून. चुकतो हात एखाद्या वेळी, असं म्हणून तिनं तो सरळ केला.

मग दुसरी कवळी परत आली, आणि तिसरीही. डोळ्यांत तेल घालून लावलेले दात सरळ यायचे, पण लक्ष जरा इकडेतिकडे झालं की तोच दात, तसाच चढलेला. तिसरी कवळी खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा तिला ते हसू ओळखू आलं. ते दादाचं होतं.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. एका संध्याकाळी पायांत चपला सरकवून ‘आलोच’ म्हणत बाहेर पडला, तो आलाच नाही. पोलीस झाले, नातेवाईक झाले, कुठे मागमूस लागला नाही. पुढे तिनं त्याच्यावर पाणी सोडलं. आईनं मात्र नाही. दाराच्या कुलुपाची एक किल्ली दादाकडे होती, म्हणून आई आतली वरची कडी कधी लावू द्यायची नाही. मधे दाराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्यानं कडीवरूनही ब्रश फिरवला आणि ती जागच्या जागी चिकटून बसली. कुणी सोडवली नाही.

तिनं दंतवैद्याला सांगितलं, हा माझ्या भावाचा दात आहे. त्याला त्यात नवल वाटलं नाही.

“डोकं म्हणतं विसरलो,” तो म्हणाला. “आतलं मन कुठे विसरतं, बाई? ते हाताला पुढे करतं आणि आपलं खरं करून घेतं.”

तिला हे पटलं. पटल्यावर बरं वाटलं, आणि ती पुन्हा कामाला लागली.

त्यानंतर एकदा तिनं हातातल्या कवळीकडे पाहिलं, तर चढलेल्या दाताचा खालचा कोपरा उडालेला होता. तिनंच तो घासला होता. दात घासायचं यंत्र अजून गरम होतं आणि पांढरी पूड तिच्याच बोटांवर होती. पण दादा गेला तेव्हा त्याचा दात अखंड होता. हाताला आठवतंय म्हणावं, तर जे हातानं कधी पाहिलंच नाही ते त्याला आठवणार कसं? हे तिनं दंतवैद्याला विचारलं नाही.

पुढे तिनं कडेची एक दाढ लावलीच नाही. तिथलं मेण हातानं छान गुळगुळीत केलं होतं, काढलेल्या दाढेची जागा भरून यावी तसं. त्यानंतर ती न बघता पिवळट रंगाचे दात उचलायला लागली. दादा कुठेतरी म्हातारा होत चालला होता, आणि त्याची खबर तिला टेबलावर मिळत होती. दवाखान्यात पाठवण्याआधी ती सगळं नीट करायची आणि कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. पण तिला आनंद होत होता. किती वर्षांनी काहीतरी होत होतं.

एकदा जेवताना ते जिभेवर आलंच. “आई, दादा आहे. कुठेतरी आहे.”

आईनं मानही वर केली नाही. “मला माहितीय,” ती म्हणाली. “म्हणून तर कडी लावत नाही.”

मग एक दुपार आली. तिनं रेडिओ लावला, मुद्दाम मन सैल सोडलं आणि हाताला हवं ते करू दिलं. बातम्या संपल्यावर खाली पाहिलं.

सगळे दात सरळ होते.

तिनं ते उपसून काढले. खिडकीबाहेर बघत पुन्हा लावले. सरळ. दुसरा साचा घेतला. सरळ.

सुरी हातातच गार झाली. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.

तेवढ्यात दंतवैद्याचा फोन आला. सकाळी पाठवलेली कवळी बसवून झाली होती. त्या कवळीचे दात लावताना तिचं लक्ष नव्हतं आणि नंतर तपासायचीही राहून गेली होती.

“एक नंबर काम, बाई. आला तुमचा हात ठिकाणावर.”

ती हो म्हणाली आणि दिवा विझवला.

घरी जाताना तिनं ठरवलं, आईला काही सांगायचं नाही. दार उघडून आत आली, चपला काढल्या. आई तिच्या मागून दाराशी गेली, टाचा उंच केल्या आणि वरची कडी सारली. खट्ट आवाज झाला.

“आई, कडी लावलीस?”

“मग?” आई नेहमीच्याच आवाजात म्हणाली. “आता कोण यायचंय?”

आई स्वयंपाकघराकडे वळली आणि दिव्याखाली थांबली. तिच्या बोटांना जुन्या रंगाचे पापुद्रे चिकटले होते. बोटं उजेडात धरून ती विचारत होती, हे कशाचं गं लागलं मला?