भिंतीकडची जागा

ही गोष्ट मी रचलेली नाही. जिच्यावर हा प्रसंग बेतला ती माझी सख्खी चुलत बहीण आहे. आत्ता ती शेजारच्या खोलीत झोपली आहे. मी हे लिहितेय ते तिला माहीत नाही, आणि कळू नये अशीच माझी इच्छा आहे.

मागच्या डिसेंबरातला शनिवार. दुपारचा प्रयोग. बाहेर लख्ख ऊन, आणि हाडं गोठवणारी थंडी.

सोलमध्ये हेह्वा स्टेशनच्या बाहेर ज्या गल्ल्या आहेत, तिथं जिकडे बघावं तिकडे छोटी छोटी नाट्यगृहं आहेत. हे त्यातलंच एक. तळघरातलं. नाव सांगणार नाही, कारण ते अजून चालू आहे.

आणि ती जागा अजून विकली जाते.

माझं नाव यू ह्वायोंग. दिवसभर मी दातांच्या दवाखान्यात बसून लोकांना वेळा देते, आणि सुट्टी मिळाली की संगीत नाटक बघते. एकच नाटक पुन्हा पुन्हा बघते. आई विचारते, तेच नाटक परत कशाला? मी म्हणते, भात रोज खातेस ना?

मी चिडकी आहे हेही सांगून टाकते. प्रयोगात कुणी पिशवी चुरचुरवली तर माझं डोकं फिरतं. मध्यंतरात मी अशा लोकांना गाठून सुनावलेलं आहे. पुन्हा पुन्हा येणारे आम्ही बहुतेक जण असेच आहोत. आम्ही फुगीर कोट आधीच काढून पायांखाली ठेवतो, कारण त्याचं कापड वाजतं. केस वर बांधत नाही. पुढं वाकत नाही, कारण मागच्याचं दृश्य कापलं जातं. पाणी पीत नाही. याला आमच्यात ‘प्रेतासारखं बघणं’ म्हणतात. म्हणतात थट्टेनं, पण पाळतात अगदी मनापासून.

आता जागेचं.

नवखा माणूस मधल्या जागा घेतो. घेऊ दे बिचाऱ्याला. प्रत्येक नाटकाची एक खरी जागा असते, आणि ती बघून बघूनच सापडते. हे नाटक एका घड्याळजीचं आणि त्याच्या मेलेल्या भावाचं होतं. दोन नट, एक पियानो. घड्याळजीचं काम मो जेग्युम करायचा. शेवटच्या गाण्याला तो रंगमंचावरून उतरून डावीकडच्या पायरीवर येऊन बसायचा आणि अख्खं गाणं भिंतीकडच्या कोपऱ्याकडे बघून म्हणायचा.

तिथं तिसऱ्या रांगेत पहिली जागा होती. एका बाजूला काळा पडदा लावलेली भिंत. तिथून अर्धा रंगमंच दिसत नाही, म्हणून ती स्वस्तात विकायचे. पण शेवटच्या गाण्याला जेग्युमचे डोळे थेट त्या जागेवर येऊन थांबायचे. हात लांब केला तर लागेल, इतक्या जवळ.

त्या जागेसाठी मी सगळा हंगाम झुरले होते. दरवेळी आधीच गेलेली असायची. मग शेवटच्या आठवड्यात कुणीतरी दोन तिकिटं परत केली... पहिली आणि दुसरी, शेजारशेजारच्या. मी डोळ्याचं पातं लवायच्या आत घेतली.

दुसरी मी सेबोमसाठी घेतली.

सेबोम म्हणजे माझ्या काकाची मुलगी. सरकारी नोकरीच्या परीक्षेत पुन्हा नापास झाली होती, आणि माझ्या घरी येऊन दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. धड जेवत नव्हती. काकूचा फोन आला की उचलत नव्हती. मला तिची भीती वाटायला लागली होती. एक दुपार तरी ती रडावी, हसावी, काहीतरी करावं, एवढंच मला हवं होतं.

प्रयोगाआधी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात किम्बापच्या भातगुंडाळ्या खाल्ल्या. तिला फ्लू होऊन गेला होता आणि कोरडा खोकला मागे राहिला होता. मी तिला युजा नावाच्या लिंबाचा गरम चहा पाजला, खोकल्याच्या गोळ्यांचे कागद सोलून गोळ्या तिच्या खिशात ठेवल्या, आणि सगळे नियम ऐकवले.

"उन्नी, श्वास घेतला तर चालेल ना?" तिनं विचारलं. उन्नी म्हणजे ताई, ती मला तसंच म्हणते.

"घे. पण आवाज नको."

ती हसली. किती दिवसांनी. त्या हसण्यावर मी इतकी खूश झाले की आत गेल्यावर पहिली जागा तिलाच दिली. ती भिंतीकडे बसली, मी तिच्या उजवीकडे दुसऱ्या जागेवर. जेग्युमचे डोळे आज तिच्यावर थांबतील, तेवढंच औषध तिला पुरेल, असं मला वाटलं.

दिवे गेले.

पियानो सुरू झाला आणि सेबोम पहिल्यांदा खोकली. अगदी हलकं. मागून कुणीतरी नाकानं जोरात श्वास सोडला, आमच्यात ती शिवीच असते. मी मान वळवली नाही. तिनं गोळी तोंडात टाकली.

थोड्या वेळानं परत खोकला...

मग परत...

आता आसपासचा राग मला मानेवर जाणवत होता. सेबोम दोन्ही हातांनी तोंड दाबून थरथरत होती. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघितलं.

तेव्हा मला पलीकडची बाई दिसली.

मातकट रंगाचा कोट, खांद्यापर्यंत केस. पाठ खुर्चीला टेकलेली, हात मांडीवर. मंचावर मेलेला भाऊ येऊन धडपडतो तो प्रसंग चालू होता. अख्खं नाट्यगृह हसलं, ती हसली नाही. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, तिचे हात मांडीवरून हलले नाहीत. खरं सांगते, मला तिचं कौतुक वाटलं. इतकी वर्षं मी प्रयोग बघतेय, पण असं बसणारं कुणी पाहिलं नव्हतं.

सेबोमला पुन्हा उबळ आली.

बाईनं हात उचलला... सावकाश... आणि सेबोमच्या तोंडाजवळ नेला.

मला वाटलं, गोळी देतेय. आमच्यात देतात तशी. शेजारी कुणी खोकत असलं की मुकाट्यानं गोळी पुढं करायची, तेवढीच माणुसकी. मनातल्या मनात मी तिचे आभार मानले आणि मंचाकडे बघायला लागले.

खोकला थांबला.

एकदम थांबला.

माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतरचा बराच वेळ मी नाटकात पार बुडून गेले होते. जेग्युम त्या दिवशी फार सुंदर गात होता. डाव्या बाजूनं थोडी थंडी येत होती, तळघर आहे म्हणून मी लक्ष दिलं नाही. सेबोमच्या कोटाचा आवाज नव्हता. तिच्या खुर्चीची कुरकुर नव्हती. एवढ्या चुळबुळ्या पोरीनं किती छान जमवलंय, असंच मला वाटत राहिलं.

शेवटचं गाणं आलं.

जेग्युम खाली उतरला. पायरीवर बसला. नेहमीसारखे त्यानं डोळे वर उचलले... आमच्या कोपऱ्याकडे...

आणि एक ओळ गाळली.

पियानो पुढं गेला. त्याचं तोंड उघडंच होतं. हा माणूस कधी शब्द विसरत नाही. पुढची ओळ त्यानं उचलली, पण आवाज कापत होता, आणि डोळे सेबोमवर नव्हते. तिच्या किंचित वर होते.

मी वळून बघितलं.

बाईचा हात अजून तिथंच होता. तळवा सेबोमच्या तोंडावर आणि नाकावर पक्का बसलेला. बाई मंचाकडे बघत नव्हती. तिचं तोंड सेबोमच्या कानाशी आलं होतं. सेबोमचे डोळे सताड उघडे होते, त्यांत मंचावरचा दिवा चमकत होता, आणि पापणी लवत नव्हती.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं...

रांग पहिल्या जागेपासून सुरू होते.

पहिल्या जागेवर सेबोम बसली होती.

तिच्या पलीकडे खुर्चीच नाही. भिंत आहे. ज्या नाट्यगृहाचा नकाशा मला तोंडपाठ आहे, तिथं इतका वेळ मी भिंतीत बसलेल्या बाईचं कौतुक करत होते.

मी किंचाळले. गाण्याच्या मध्ये, तिसऱ्या रांगेतून, छाती फुटेल इतक्या जोरात. सेबोमचं मनगट धरून तिला माझ्याकडे ओढलं, पण ती येईना. कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखी ती घट्ट होती. मी पाय खुर्चीला लावून ओढलं तेव्हा ती एकदम सुटली आणि आम्ही दोघी वाटेत पडलो.

मदतीला कुणी उठलं नाही. हे मी विसरणार नाही. लोक बसल्या जागी आमच्याकडे बघत होते, आणि त्या नजरांत काळजी नव्हती, चीड होती. मागून एक बाई म्हणाली, "हाकला हिला बाहेर." मग कुणीतरी हळूच टाळी वाजवली, गाणं पुढं चालू करा अशा अर्थानं.

सेबोमचे ओठ निळे होते. मी तिच्या पाठीवर मारत राहिले, तिचं नाव घेऊन ओरडत राहिले. मग तिच्या घशातून घरघर आली आणि तिनं श्वास ओढला.

दिवे लागले. काळा पडदा नुसता लोंबत होता. मागे सिमेंटची भिंत.

रुग्णवाहिका येईपर्यंत आम्हाला वर दारापाशी बसवलं होतं. प्रयोग थांबला होता. जेग्युम तसाच घड्याळजीच्या कपड्यांत जिना चढून वर आला. ज्या माणसासाठी मी इतके हिवाळे खर्ची घातले तो माझ्यासमोर उभा होता आणि मला त्याचा राग येत होता. मी माफीही मागितली नाही. तोच खाली बसला आणि सेबोमकडे बघून त्यानं विचारलं, ही श्वास घेतेय ना?

मी मान हलवली.

"ती खालीच राहिली ना?" तो म्हणाला.

"कोण?"

"भिंतीजवळची. ती रोज असते. मी पायरीवर येऊन बसलो की ती समोर असते, म्हणून मी तिच्याकडे बघूनच गातो. मला वाटायचं, माझी चाहती आहे." त्यानं वळून जिन्याकडे बघितलं. "आज पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे बघितलं नाही."

व्यवस्थापक येऊन त्याला खाली घेऊन गेला.

दवाखान्यात काही निघालं नाही. श्वासनलिका आवळली असेल, म्हणाले. गालावर चार बोटांचे वळ होते, ते माझेच असतील असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं. मी कुठं ओढलं, कसं ओढलं ते सांगत होते, पण त्यांनी लिहायचं ते लिहिलं. इंटरनेटवर चाहत्यांनी माझी पार साल काढली. प्रयोग बिघडवणारी, प्रसिद्धीला हपापलेली, असल्या बाईला जन्मभर बंदी घाला. सेबोम जगली का, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

त्यानंतरच्या प्रयोगांत जेग्युम शेवटचं गाणं उजव्या पायरीवर बसून म्हणायला लागला. लोकांनी तक्रारी केल्या. त्यानं कारण सांगितलं नाही.

मी सेबोमला एकदाच विचारलं, तिनं तुझ्या कानात काय सांगितलं? ती म्हणाली, "काही नाही उन्नी. नुसतं गात होती. माझ्यासाठी."

आता ती बरी आहे. म्हणजे सगळे तसं म्हणतात. खोकला गेला. खाते, अभ्यास करते, काकूशी फोनवर बोलते. काकू म्हणते, तुझ्यामुळे पोर सावरली.

पण मी तिच्याबरोबर बाहेर जाते ना, तेव्हा बघते.

परवा आम्ही भुयारी रेल्वेनं येत होतो. डबा खच्चून भरलेला. सेबोमच्या उजवीकडे मी बसले होते. डावीकडची जागा रिकामी होती. इतक्या गर्दीत रिकामी. एक आजोबा काठी टेकत आले, बसायला वळले...

आणि थबकले.

त्यांनी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं, कमरेत थोडं वाकून "माफ करा, बाई" म्हणाले, आणि पुढच्या डब्यात निघून गेले.