आडेलहाइड स्टेगमान यांची निधनवार्ता

बर्थोल्ड जिच्या निधनाची जाहिरात मोठ्याने वाचत होता, तीच बाई दारात येऊन उभी राहिली.

बर्थोल्डची कॉफी बशीत सांडली. थेकला रिंक मात्र शांतपणे उठली आणि तिने खुर्ची पुढे केली. खाजगी तपासाच्या धंद्यात तिने बरीच वर्षं काढली होती. तिचा मित्र बर्थोल्ड निवृत्त शाळामास्तर. गाडी तो चालवायचा, तर्क ती.

"बसा, स्टेगमानबाई. पेपरात छापलेलं सगळंच खरं नसतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?"

'ब्राकेनफोर्ट कुरियर' चार पिढ्या स्टेगमान घराण्याचा. एकोणऐंशी वर्षांच्या आडेलहाइडबाई त्याच्या मालकीणबाई. लग्न केलं नव्हतं, पेपरच सांभाळला होता. सकाळपासून काय काय घडलं ते त्यांनी सांगितलं. दाराशी दोन पुष्पचक्रं येऊन पडली होती. महापौरांच्या बायकोने सांत्वनाला फोन केला आणि पलीकडून खुद्द बाईंचाच आवाज ऐकून घाबरून ठेवून दिला. पाद्रीबुवा येऊन रडले, मग आपण उगाच रडलो म्हणून रागावून गेले.

"मला कळेनासं झालंय, मी लोकांची माफी मागायची की काय," बाई म्हणाल्या.

त्यांना संशय मात्र पक्का होता. पेपर एका मोठ्या कंपनीला विकायचा की नाही, हे सोमवारी ठरणार होतं. दिवंगत भावाचा मुलगा योस्ट धंदा पाहायचा, त्याला विकायचा होता. त्याची बहीण फ्रीडरिके संपादक, तिचा विरोध होता. शेवटचं मत बाईंचं.

"दोघांपैकी एकानं हे केलंय. कोणी, तेवढं सांगा. माझं मत त्याच्या विरुद्ध जाईल."

थेकलाने पेपर ओढून घेतला. जाहिरात बोटभर होती: 'आडेलहाइड स्टेगमान. जन्म १४ मार्च १९३९. अखेरपर्यंत या वृत्तपत्राची एकनिष्ठ वाचक. अंत्यविधी आज दुपारी, फोर्लोह गावच्या दफनभूमीत. – तिचे शेजारी.'

"तारीखसुद्धा धड नाही," बाई म्हणाल्या. "मी सेहेचाळीस सालची, सप्टेंबरातली. आणि वाचक म्हणे! मी सकाळचा पेपर उघडतसुद्धा नाही, बातम्यांची पानं आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे येतात. खाली सही शेजाऱ्यांची. म्हणजे मला माझं असं कोणी नाही, हे वर सुनावलंय."

तिघं 'कुरियर'च्या कचेरीत गेली. योस्ट हैराण होऊन बसला होता. जाहिरात फोर्लोहच्या अंत्यविधीवाल्यांच्या नावाने संगणकावरून आली, असं त्याने सांगितलं. सकाळपासून तिथे कोणी फोन उचलत नव्हतं. कोणीतरी त्यांचं नाव वापरलं, हे त्याच्या मते उघड होतं. जाहिरात घेणाऱ्या मुलीने नाव पाहिलं आणि घाबरून, कोणाला न विचारता छापून टाकली.

"आत्याच्या वाढदिवसाला दरवर्षी सगळ्या कचेरीला आलुबुखाराचा केक मी वाटतो," तो म्हणाला. "आणि आता मीच तिला मारायला निघालो? फ्रीडरिकेला विचारा. विक्री अडवायला ती काहीही करेल."

फ्रीडरिकेने बोट भावाकडे दाखवलं. आत्या खचली की सही करेल, असा त्याचा डाव आहे, असं तिचं म्हणणं.

थेकलाने भलतंच विचारलं. "आडेलहाइड हे नाव घराण्यात कुठून आलं?"

"मालकाच्या थोरल्या मुलीला तेच नाव, ही रीतच आहे," फ्रीडरिके म्हणाली. " माझ्या आईनं ठाम नकार दिला म्हणून मी सुटले."

"आणि फोर्लोहशी तुमचा काही संबंध?"

"काही नाही. आजोबा दर रविवारी तिथे मासे धरायला जायचे, एवढंच. घरी एकदाही मासा आला नाही, म्हणून आजी त्यांना टोमणे मारायची, असं बाबा सांगायचे."

बाहेर आल्यावर बर्थोल्डने डोकं खाजवलं. "मला तर दोघंही चोर वाटतात. नाहीतर दोघंही साव."

"चला, सगळ्यांना एकत्र बसवू," थेकला म्हणाली.

बैठकीच्या खोलीत भावंडं एकमेकांकडे पाठ करून बसली. थेकलाने जाहिरात टेबलावर ठेवली.

"घरातल्या माणसाला आत्याचा वाढदिवस चुकेल का? ज्या दिवशी सगळी कचेरी केक खाते, तो? चुकणार नाही. पेपरच्या मालकिणीला कोणी 'वाचक' म्हणेल? नाही. घाबरवायचं असतं तर जाहिरात अर्धं पान असती, बोटभर नाही. यातली प्रत्येक गोष्ट स्टेगमानबाईंच्या बाबतीत चूक आहे. मग मी विचार केला, की ती दुसऱ्या कोणाच्या बाबतीत बरोबर असली तर?"

तिने जाहिरातीतल्या जन्मतारखेवर बोट ठेवलं.

"दुसरी आडेलहाइड स्टेगमान," थेकला म्हणाली. "सात वर्षांनी मोठी. हे नाव थोरल्या मुलीलाच मिळतं, आणि स्टेगमानबाई, तुमचे वडील दर रविवारी मासे न धरता फोर्लोहला जात होते. माझा अंदाज, त्यांचं आधी एक लग्न झालं होतं. ते मोडलं आणि आई मुलीला घेऊन तिकडे गेली. मग तुम्ही जन्मलात, तेव्हा पहिली जणू नव्हतीच असं ठरवून तेच नाव तुम्हाला ठेवलं. ही जाहिरात खोटी नाही, बाई. खरी आहे."

"अंदाज!" योस्ट पुटपुटला.

"अंत्यविधी आज दुपारी आहे. जाऊन बघण्याचं तुमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही, कारण आडेलहाइड जिवंत आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं."

बाईंनी जाहिरात उचलून पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "म्हणजे हे नाव माझं नव्हतंच." आणि कोट मागवला.

फोर्लोहला जेमतेम दहा-बारा माणसं जमली होती. उशिरा पोचलेल्या या पाच जणांकडे सगळे बघू लागले. फावडं हातात धरलेली एक जाडजूड म्हातारी पुढे आली. ती शेजारीण होती. मुलीला भेटायला तिचे वडील कोनराड स्टेगमान मरेपर्यंत दर रविवारी यायचे, तिने सांगितलं. त्यानंतर मुलीकडे बापाचा पेपर तेवढा उरला.

"एकदा ब्राकेनफोर्टला तुमच्या कचेरीत गेली होती बिचारी. नाव सांगितलं, तर खिडकीतली पोरगी हसली. म्हणाली, त्या तर वर बसल्यात. परत आली, पुन्हा गेली नाही. तुम्ही कोण?"

आडेलहाइडबाईंनी तोंड उघडलं, पण नाव सांगवेना.

"तिची धाकटी बहीण," त्या म्हणाल्या.

योस्टने हळूच विचारलं, "आत्या, सोमवारचं काय?"

"मला गुन्हेगार हवा होता, म्हणजे मत तरी सोपं झालं असतं. आता मलाच विचार करावा लागेल. आज गप्प बस."

म्हातारीने फावडं त्यांच्या हातात दिलं. "मग पुढे व्हा. पहिली माती रक्ताच्या माणसाची. आम्ही आपले तिचं कोणी नाही म्हणून उभे होतो."

बाईंनी माती घेतली. अर्धी बुटांवरच सांडली. त्यांच्या मागे योस्ट येऊन उभा राहिला, त्याच्या मागे फ्रीडरिके. दोघांना कोणी सांगितलं नव्हतं.