दानित्सा बोटीचा साक्षीदार

तोंका व्लाहोविच माझ्या ऑफिसात आली ती बशीभर तळलेले, साखरेत घोळवलेले गोळे घेऊन. बशी तिने माझ्या टेबलावर, न उघडलेल्या पत्रांच्या ढिगावर ठेवली आणि म्हणाली, "आधी खा. मी काय सांगणार ते ऐकलंत की तुमची भूक मरेल."

मी दोन खाल्ले, मग आणखी दोन. खाजगी डिटेक्टिव्हकडे गिऱ्हाईक येतं ते रडत नाहीतर खोटं बोलत. खाऊ घेऊन आलेलं हे पहिलंच.

ऑक्टोबर १९३८. सान पेद्रो बंदरावर ऊन इतकं लख्ख होतं, की बोटींचा पांढरा रंग डोळ्यांत खुपत होता. माझं ऑफिस बंदराच्या वरच्या रस्त्यावर, खालून दिवसभर मासळीचा वास. तोंका खालच्या क्रोएशियन मासेमारांच्या गल्लीतली. चाळिशीची, भरल्या अंगाची, बोलताना हात थांबत नाहीत अशी.

"मला लग्न करायचंय," ती म्हणाली. "पाववाल्या कार्मिनेशी. या रविवारी. गल्लीने वाइनची पिंपं काढून ठेवलीत, माझा झगा शिवून झालाय. आणि फादर मातुलिच म्हणतात, नाही!"

"का नाही?"

"माझा नवरा मेला नाही म्हणून. म्हणजे मेला. पण मेलेला कुणी पाहिला नाही."

येर्को व्लाहोविच आणि आणखी पाच जण १९३१ च्या जानेवारीत दानित्सा बोट घेऊन मासेमारीला गेले. बोट परतली नाही. एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. सात वर्षांनी कोर्टाने सहाही जणांना मृत ठरवलं. फादर म्हणाले, कोर्टाचं कोर्टापाशी, मला पाहिलेला माणूस हवा. त्यात दोन वर्षांपूर्वी एका जहाजावरचा स्वयंपाकी येऊन सांगून गेला, की येर्को मेक्सिकोत एन्सेनादाच्या गुत्त्यात बसलेला दिसला.

"त्या मेल्याच्या जिभेला हाडच नाही," तोंका म्हणाली.

"बाई, तो मेल्याचा कागद चार रस्ते सोडून बसलेला माझा धंदेबंधू दुपारपर्यंत लिहून देईल."

"फादर म्हणाले, क्विल्टीचा, म्हणजे तुमचाच, कागद आण. बाकीच्यांचे मी शेगडीत घालीन."

मला हसू आलं आणि बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? पोलिसात असताना कॅप्टनने मला अहवालातली एक ओळ बदलायला सांगितली होती. मी बदलली नाही, म्हणून त्यांनी मलाच बदललं. तेव्हापासून स्वतः तपासल्याशिवाय मी कशाखाली सही केलेली नाही. या खोडीपायी धंदा कधी वर आला नाही, पण एका पाद्र्याच्या कानावर ती गेली होती.

दुसऱ्याच दिवशी मी एन्सेनादाला गेलो. गुत्त्यात बसणारा तो माणूस सापडला. येर्कोसारख्या मिशा ठेवणारा ग्रीक न्हावी होता, आणि त्याने माझी दाढीही छान केली. तोंकाला हे सांगितलं तेव्हा तिने मला सगळ्या गल्लीसमोर मिठी मारली.

पण न्हावी येर्को नव्हता म्हणजे येर्को मेला, असं होत नाही. तीन दिवस मी धक्क्यावर आणि गल्लीत विचारत फिरलो. जाईन तिथे हातात वाइनचा पेला येई. दानित्सावर गेलेल्या बाकी पाच जणांच्या बायका तोंकाच्या स्वयंपाकघरात बसून लग्नाचा फराळ तळत होत्या आणि गात होत्या.

"काय हो डिटेक्टिव्ह, सापडलं का आमच्या नवरीचं विधवापण?" त्यांतली पेरिना ओरडे आणि बाकीच्या हसून लोळत.

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत माझ्याकडे काहीही नव्हतं. कार्मिने दुकानाच्या दारात उभा राहून हातभर उंच केकच्या थरांवर साखर चढवत होता. मला पाहून त्याने टोपी उडवली. फादरकडे जाऊन 'जमलं नाही' म्हणायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी उगाच धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलो.

टोकाला उलट्या खोक्यावर एक माणूस जाळं सांधत बसला होता. शेजारी पत्र्याच्या डब्यात निखारे, वर तीन बांगडे.

"येर्कोला शोधतोयस ना, आयरिश माणसा?" तो मान वर न करता म्हणाला. "बस. बांगडा खा."

मग त्याने मान वर केली. तोंकाने दिलेला फोटो माझ्या खिशात होता, पण तो काढायची गरज पडली नाही. त्याच मिशा, पुढचा तोच अर्धा तुटका दात.

पिंपं, झगा, केक, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मग संताप आला.

"सात वर्षं!" मी म्हणालो. "लाज नाही वाटत? तिकडे बायको धड विधवा नाही, धड लग्नाची नाही."

"म्हणून तर आलो ना. लिही कागद. येर्को मेला. माझ्याइतकं खात्रीने दुसरं कोण सांगणार?"

"जिवंत माणसाने सांगितलं म्हणून तो मेल्याचा कागद मी लिहीत नाही."

"अरे, जिवंत कोण म्हणतंय?" तो खो खो हसला. हसणं इतकं मोकळं होतं, की मलाही हसू फुटलं असतं.

पण मी पाहत होतो. पाहणं हाच माझा धंदा. धक्क्यावरच्या प्रत्येक खोक्यावर समुद्रपक्षी बसले होते, या बांगड्यांच्या आसपास एकही नव्हता. दोघे हमाल लांबलचक जाळं खांद्यावर घेऊन आले, खांबाला घालावा तसा त्याला वळसा घातला आणि गप्पा न थांबवता पुढे गेले. माझे गुडघे निखाऱ्यांना जवळजवळ टेकले होते आणि त्यांना जराही धग लागत नव्हती. फोटो सात वर्षांपूर्वीचा, पण त्या मिशांत एकही पांढरा केस नव्हता. त्याच्या बाह्यांतून पाणी ठिबकत होतं. खालच्या फळ्या कोरड्या ठणठणीत.

"तू म्हणे तपासल्याशिवाय सही करत नाहीस," तो म्हणाला. "मग तपास."

त्याने डावी बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात पुढे केला.

पोलिसात माझी एक सवय होती. डॉक्टर काहीही म्हणो, मनगटाला स्वतःची बोटं लावल्याशिवाय मी 'मृत' हा शब्द लिहीत नसे.

मी दोन बोटं लावली. दुसऱ्या हातात घड्याळ धरलं.

बंदरातून बुडालेली माणसं मी तीनदा वर काढली आहेत. तो गारठा मला ओळखू येतो.

एक मिनिट झालं. येर्को बांगडा चावत होता.

दोन मिनिटं. तो नाकातल्या नाकात गाणं गुणगुणू लागला.

मी बोटं सरकवून पाहिली. मग त्याच्या गळ्याशी लावली. त्याने समजूतदारपणे हनुवटी वर केली.

"सावकाश," तो म्हणाला. "मला कुठे जायचंय?"

पाच मिनिटांनी मी घड्याळ खिशात ठेवलं.

"लिही."

मी लिहिलं. पेन्सिल दोनदा मोडली.

"कार्मिनेला एक सांग," तो म्हणाला. "ती झोपेत गाते. उठवू नको म्हणावं. शेवटचं कडवं फार छान गाते." आणि त्याने दुसरा बांगडा उचलला.

मी निघालो. वळून पाहिलं नाही. भीती वाटली हे खरं, पण चालता चालता मला इतका आनंद झाला, की पाववाल्याच्या दुकानाशी पोचेपर्यंत मी जवळजवळ धावत होतो.

फादर मातुलिचनी कागद उभ्यानेच वाचला. तारीख, वेळ, जागा. 'मी येर्को व्लाहोविचला स्वतः तपासलं. नाडी नाही. तो मृत आहे.' खाली माझी सही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही तारीख आजची आहे."

"हो."

"हा... बोलला तुझ्याशी?"

"हो, फादर."

त्यांनी कागदाची घडी घातली. "तू खोटं लिहीत नाहीस," असं अगदी हळू म्हणाले आणि लग्नाची वही उघडली.

रविवारी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. तोंकाचा झगा बाहीत उसवला तरी ती नाचायची थांबली नाही. मी कार्मिनेला निरोप सांगितला, त्याने तिला सांगितला. ती भर नाचात उभी राहिली, तोंडावर हात घेऊन रडली आणि मग मोठ्याने हसत तिने मलाच नाचायला ओढलं. मला नाचता येत नाही. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. इतका सुखी मी आयुष्यात फार वेळा झालेलो नाही.

उन्हं उतरताना पेरिना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मागे त्या चौघी. कुणीही हसत नव्हतं.

"डिटेक्टिव्ह," ती म्हणाली, "आमच्या माणसांचंही लिहाल? आम्हाला लग्नं नाही करायची. पण शोकाचे काळे कपडे घालायचे की नाही, हे सात वर्षं कळत नाहीय हो."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी नवी वही घेऊन धक्क्याच्या टोकाला गेलो. ऊन छान पडलं होतं. येर्को नव्हता. उलट्या खोक्यांवर पाच जण ओळीने बसले होते, आणि पाचही जणांनी डाव्या बाह्या आधीच वर दुमडून ठेवल्या होत्या.