बाबागाडीची लिंक

पुढचं चाक निखळलं आणि एकटंच उतारावरून पळत सुटलं. बाबागाडी नाकावर बसली. गुंडी पट्ट्यात होती म्हणून बरं. तिला वाटलं खेळच चाललाय, ती खिदळली. तिच्या आईनं मात्र दोन्ही हातांनी गाडीचा दांडा गच्च धरला. चाक घरंगळत सायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी पोचलं आणि आतल्या माणसानं ते पायानं अलगद अडवलं.

"याला भलतीच घाई दिसतेय," ते घेऊन वर येत तो म्हणाला. "मालकीणबाईंनाही आहे का?"

रागवावं असं तिच्या मनात आलं होतं, पण ती अजून गुंडीचे हातपायच चाचपत होती. ते त्यानं पाहिलं. गाडी उचलून दुकानात नेली, तिच्यापुढे स्टूल सरकवलं, न विचारता पाण्याचा पेला दिला आणि गुंडीला "बाईसाहेब, जरा पाय वर," म्हणत गाडीशी उकिडवा बसला. चाकाच्या दांड्यातून त्यानं प्लॅस्टिकची तुटकी क्लिप काढली आणि एका डब्यात टाकली. डब्यात तशाच आणखी होत्या.

"ही आठवी," तो म्हणाला. "सगळ्या याच कंपनीच्या गाड्यांच्या. कुणी 'जागी आई' म्हणून ब्लॉग लिहिते, तिथं वाचून सगळे घेतात. माझ्या वहिनीनंही घेतली. लिहिते झकास हो... पण या गाडीबद्दल लिहिताना झोपली होती बहुतेक."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जागी आई म्हणजे तीच होती.

गुंडीच्या बाबांशी रीतसर फारकत झाल्यावर ती आईकडे राहायला आली आणि तिनं ब्लॉग सुरू केला. नियम एकच: बाळाची कुठलीही वस्तू महिनाभर वापरायची, मगच लिहायचं. लेखाखाली स्पष्ट लिहिलेलं असे, की या लिंकवरून घेतलंत तर दुकान मला थोडं कमिशन देतं, तुम्हाला जास्त पडत नाही. त्याखाली वाचकांनी पैसे पाठवून आधार द्यायचं बटण होतं, पण ते कोणी फारसं दाबत नसे. घर चालत होतं ते एका बाबागाडीच्या लिंकवर. आणि नेमका तोच लेख तिनं गाडी आठच दिवस वापरून लिहिला होता, कारण दुकानाची सवलत संपत आली होती. आईनं तिला वर्षाची मुदत दिली होती. तेवढ्यात जमलं नाही तर पुन्हा ऑफिस, आणि गुंडी पाळणाघरात. वर्ष भरायला तीन आठवडे उरले होते.

"इतकं चुकीचं लिहिते, तर वाचता कशाला?" तिनं शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"भांडायला म्हणूनच उघडला होता. मग वाचतच बसलो..." तो मान खाली घालून स्टीलची पिन बसवत होता. "बाटली गरम करायचं यंत्र घेऊ नका, घरात पातेलं आहे ना, असं लिहिलंय तिनं. मला ना मूल, ना बायको. मी वाचून काय करणार, सांगा? पण हसलो."

त्यानं वर पाहिलं. ती गुंडीची टोपी नीट करू लागली — ती नीटच होती.

त्या दिवशी ती पिनेचे पैसे देऊन निघाली. दोन दिवसांनी ब्रेक वाजतोय म्हणून गेली. मग छत सैल झालंय म्हणून. ते तिनं स्वतःच सैल केलं होतं हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं फार वेळ लावून ते घट्ट केलं. तेवढ्यात भुरभुर पाऊस आला. पत्र्याच्या छपराखाली दोघं शेजारी उभी राहिली. मध्ये गाडी होती, आणि गाडीत झोपलेली गुंडी.

"ती ब्लॉगवाली भेटली तर काय कराल?" तिनं पावसाकडे बघत विचारलं.

"आधी विचारीन, की बाई, ही गाडी एकदा तरी उतारावर नेली होतीत का?"

"आणि मग?"

"मग... चहा विचारीन."

तिला हसू आलं आणि लगोलग विरलं. आजवर फक्त पोटापाण्याची भीती होती. इतके दिवस लपवल्यामुळे आता तो चहाही हातचा जाणार होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गुंडी झोपली असताना, तिनं ती लिंक काढून टाकली. लेखाच्या डोक्यावर लिहिलं, की मी ही गाडी आठच दिवस वापरून लिहिलं, माझं चुकलं. ज्यांच्याकडे आहे त्यांनी पुढची क्लिप आजच तपासा, कुठलाही सायकलवाला स्टीलची पिन बसवून देईल. माझ्या गाडीचं चाक उतारावर निखळलं तेव्हा एकानं मला आठ क्लिपांचा डबा दाखवला, आणि मी कोण ते मी त्याला सांगितलं नाही.

आई कपड्यांच्या घड्या करत होती. तिला सगळं सांगून झाल्यावर लेक म्हणाली, "आता ऑफिस बघते." आईनं गुंडीच्या झबल्याची घडी मोडून पुन्हा घातली.

संध्याकाळी तीन-चार चिडलेल्या आयांची पत्रं आली. ती तिनं पूर्ण वाचली, प्रत्येकीची माफी मागितली. मग एकीनं लिहिलं, क्लिपला तडा होता, आजच सापडला, दर महिन्याला जमेल तेवढं पाठवत जाईन. मग दुसरी. मग एक आजी. आठवडा सरता सरता आधार देणाऱ्यांची यादी इतकी लांबली की लिंकची उणीव भरून निघाली. आईनं चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

"हा कोण सायकलवाला?"

नावापुढे दोन ओळी होत्या: 'आठपैकी सात क्लिपा फेकल्या. आठवी ठेवली आहे. चहा विचारायचा राहिलाय.'

"दुरुस्ती करतो," ती पुटपुटली.

"दिसतंय," आई म्हणाली आणि तिनं चष्मा काढला. "ऑफिस बघू नकोस आता. गुंडीला टोपी घाल, जाऊन ये."

गाडी उतारावरून हलकी चालली होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या मनात कसलाही हिशेब नव्हता. ती दुकानाशी पोचताच तो हात पुसत उठला.

"आज काय बिघडलं?"

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि ते खरं आहे हे तिचं तिलाच जाणवलं. "तेच सांगायला आले."

त्यानं स्टूल सरकवलं. चहा सांगितला. मग बराच वेळ एक पाना उगाचच पुसत राहिला.

"मला तुम्ही आवडता," अखेर तो म्हणाला. "पण माझ्याबद्दल काही ठरवायचं असेल तर... आठ दिवसांत नको. महिनाभर बघा."

"महिना पुरेल?"

"नाही पुरला तर वाढवू. घाई आहे का?"

गुंडीनं त्याच्या हातातला पाना ओढून घेतला होता.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही."